अस्तर बदललं होतं

भांडण मिटवायची मामाची एक ठरलेली रीत होती. दोन माणसांचे आवाज चढले, की हा मध्ये पडून म्हणायचा, "चुकलं माझं." काय चुकलं, कुणाचं चुकलं, याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसे. घरी दूध उतू गेलं, बायको आणि मुलगा एकमेकांवर खेकसायला लागले, की हा न्हाणीघरातून ओरडणार, "अरे, मीच गॅस बारीक करायला विसरलो!" आता अंगाला साबण लावून उभा असलेला माणूस गॅस कसा बारीक करणार, तुम्हीच सांगा. पण भांडण मिटायचं. बायको म्हणायची, "तुम्हाला बाई जगाचे गुन्हे अंगावर घ्यायची हौसच फार." मामाला ते कौतुक वाटायचं. कौतुक नव्हतंच ते, पण हे त्याच्या टाळक्यात शिरायला बराच काळ जावा लागला.

नोकरी होती एका संशोधन संस्थेत, चेंबर चालवायची. चेंबर म्हणजे पिंपाएवढं स्टीलचं भांडं. पंपाने त्यातली हवा ओढून काढायची, आत धातूची चकती बसवायची आणि विजेच्या जोरावर त्या चकतीचे कण उडवून समोरच्या काचेच्या तुकड्यावर त्यांचा थर चढवायचा. थर इतका पातळ, की काचेवर फुंकर मारून धरलेली वाफसुद्धा त्यापुढे जाडजूड म्हणावी. ऐकायला सोपं वाटतं. पण लोखंडाचा थर दिला, की लोखंडाचे कण चेंबरच्या भिंतींनाही चिकटतात आणि पुढच्या माणसाच्या कामात जाऊन बसतात. म्हणून भिंतींना आतून ऍल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं अस्तर लावलेलं असतं. लोखंडाचं काम झालं, की ते अस्तर ओढून काढायचं, भिंती पुसायच्या, नवं अस्तर कापून बसवायचं. काम कंटाळवाणं, वर पत्र्याच्या कडेने बोटं कापतात. मामाने ते कधी म्हणून चुकवलं नव्हतं. स्वभावाने कितीही गुळगुळीत असला, तरी चेंबरच्या बाबतीत माणूस चोख होता, एवढं त्याच्या पदरात टाकायलाच हवं.

अख्ख्या खात्याचा तो मामा झाला तो भाची आल्यावर. त्याआधी त्याला सगळे 'चेंबरवाले' म्हणायचे. मग त्याच्या मोठ्या बहिणीची, ताईची मुलगी त्याच खात्यात संशोधन करायला आली, पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "मामा, डबा आणलायस का?" म्हणून ओरडली, आणि झालं. दुसऱ्या दिवसापासून खात्याचे प्रमुख सरसुद्धा त्याला मामा म्हणायला लागले. मामाची छाती फुगली. भाची हुशार होती, पहिल्यापासून नंबरात होती, सगळं खरं. पण मामाच्या डोळ्यांसमोर ती मोठी झालीच नव्हती. त्याच्या लेखी ती अजून पाण्याचा पेला हटकून सांडणारी, एकाच पायात चप्पल घालून शाळेतून येणारी, सायकल शिकवली तर ती थेट भाजीच्या गाडीत नेऊन घालणारी धांदरट ठमाबाईच होती. "ठमे, हात लावू नकोस, मी देतो," असं तो तिला प्रयोगशाळेतही म्हणायचा. ती हसायची. बिचारी हसायची, हे आता म्हणायचं.

तिचं काम काय होतं ते मामाला तिनेच समजावलं होतं, डबा खाता खाता. नायोबियम नावाचा एक धातू असतो. तो द्रवरूप हेलियमच्या थंडीत नेला, की त्यातून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. अतिसंवाहक म्हणतात त्याला. त्या थंडीत इलेक्ट्रॉन एकेकटे भटकायचं सोडून जोड्या करतात. जोडीतल्या एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. शेजारी साधं तांबं असलं, तर या जोड्या सीमा ओलांडून तांब्यातही थोडं फिरून येतात. पण शेजारी चुंबक असला तर संपलं. तो सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला फिरवायला बघतो आणि जोड्या मोडतात.

"म्हणजे आमच्या आत्यासारखा की!" मामा म्हणाला. "तिने कमी लग्नं मोडली का?"

"तसाच," भाची म्हणाली. "फक्त मला चुंबक नकोय. मला बघायचंय, नुसत्या तांब्यात जोड्या किती दूर जातात."

तर मामाने तिला थर देऊन दिले. आधी नायोबियम. मग चेंबर उघडायचा, आतली चकती बदलायची, झाकण लावायचं आणि त्याच तुकड्यावर तांबं चढवायचं. त्या वेळी चेंबरमध्ये एकच चकती बसायची, दुसरा इलाज नव्हता. ते तुकडे घेऊन भाची तळघरात गेली, त्यांना बारीक तारा चिकटवल्या, हेलियममध्ये सोडले आणि मोजायला बसली. विजेचा अडथळा दाखवणारी आलेखावरची रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली यायला हवी होती. ती आली अडखळत, मध्येच एक कुबड काढून. जोड्या तांब्यात जेमतेम पाऊल टाकत होत्या आणि मोडत होत्या. इतकंच नाही, तर नायोबियममधल्यासुद्धा ढिल्या पडल्या होत्या. सीमेवर कुणीतरी चुंबक आणून ठेवावा, अगदी तसं. आणि चुंबक तर कुठेच नव्हता.

"मामा, तो सीमेवरच तयार होतोय," ती म्हणाली. डोळे असे चमकत होते, की मामाला सायकलवरची ठमाबाई आठवली. नेमकी तीच आठवण यायला हवी होती का त्या वेळी? पण आली. भरीस भर म्हणजे काही दिवसांपूर्वी त्याने तिला तारा उलट्यासुलट्या चिकटवताना बघितलं होतं. तिची तिलाच चूक कळली होती, तिने तारा काढून पुन्हा लावल्या होत्या. पण मामाच्या मनात ते जाऊन बसलं ते बसलंच.

आठवड्याच्या बैठकीत तिने आलेख लावला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चुंबक म्हणतेस. लोखंड कुठे घातलंयस तू?"

"कुठेच नाही सर. म्हणून तर सांगतेय."

"मग चेंबरमधून आलं असेल. मामा, हिच्या आधी काय केलं होतं?"

"लोखंडच होतं साहेब."

"आणि अस्तर?"

अस्तर बदललं होतं. भिंती पुसल्या होत्या, नवा पत्रा कापला होता, अंगठ्यावर कापल्याची खूण अजून मिटली नव्हती. मामाने ते सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सर भाचीकडे वळले आणि म्हणाले, "आणि तू, तारा कशा लावल्या होत्यास? परत एकदा..." भाचीचे कान लाल झाले. मामाला ते कान लहानपणापासून ठाऊक होते. पोरगी आता सगळ्यांसमोर बोलणी खाणार, तिची चूक चव्हाट्यावर येणार, असं त्याला वाटलं. आणि तोंडातून ते नेहमीचं बाहेर पडलं.

"चुकलं माझं. अस्तर बदलायचं राहिलं."

सरांचं वाक्य अर्धवटच राहिलं. मग ते मामावर घसरले. इतकी वर्षं काम करून साधं अस्तर कळत नाही का, पोरीची मेहनत मातीत घातलीत, वगैरे बरंच. मामा मान खाली घालून ऐकत होता आणि आतून, काय सांगावं, त्याला बरं वाटत होतं. मोठं काही केल्यासारखं. भाचीने एकदाच विचारलं, "राहिलं? खरंच?" आणि मामा म्हणाला, "अगं होतं कधी कधी." तिने आलेख भिंतीवरून काढला. सरांच्या हुकमावरून ते तुकडे मामानेच कचऱ्यात टाकले.

बाहेर पॅसेजमध्ये तीच त्याच्याजवळ आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस रे मामा. कुणाचंही होतं." घरी जाऊन ताईलाही तिने बजावलं, की मामाला या विषयावरून काही टोमणा मारायचा नाही. आणि हा पठ्ठ्या! हा तिचं सांत्वन घेऊन घरी गेला आणि दोन पोळ्या जास्त जेवला.

पुढे सरांनी चेंबर दुरुस्त करून घेतला. आत दोन चकत्या बसतील अशी सोय केली, म्हणजे मध्ये झाकण उघडायलाच नको. नव्या तुकड्यांवर रेघ कशी सरळसोट खाली आली. बघा, घाणच होती, सगळे म्हणाले. भाचीनेही मान्य केलं. मामा एकटाच मनात म्हणत होता, पोरगी मोजायला शिकली बुवा. बायकोलाही त्याने तसंच सांगितलं. सीमेवरच्या चुंबकाचा विषय तिथेच मिटला. भाचीने दुसराच एक साधासुधा प्रश्न घेऊन प्रबंध पुरा केला, आणि एका कॉलेजात शिकवायला लागली. हुशार होती, याहून मोठं काहीतरी करेल असं वाटलं होतं, असं सर एकदा जाता जाता म्हणाले. मामाने मान डोलावली. त्याला तिळमात्र संशय आला नाही.

मग एक दिवस दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एक बाई संस्थेत व्याख्यान द्यायला आल्या. तरुणच होत्या. भाचीलाही सरांनी आवर्जून बोलावलं होतं. ती खिडकीजवळ बसली होती. मामा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. व्याख्यानातलं त्याला फारसं कळत नसे, पण चहा आणि बिस्किटं सगळ्यांना असत. बाईंनी पडद्यावर आलेख दाखवला आणि मामाचं बिस्कीट हातातच राहिलं. तीच रेघ. तीच अडखळ. तेच कुबड, त्याच जागी.

बाई सांगत होत्या: नायोबियमला हवेचा नुसता स्पर्श झाला, तरी दुधावर साय धरावी तशी त्यावर कातडी धरते. कातडी धरते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण त्या कातडीत बारीक बारीक चुंबक असतात आणि ते दोन्ही बाजूंच्या धातूंतल्या जोड्या मोडतात, हे आम्हाला आढळलं. त्यासाठी लोखंड लागत नाही. मधे चेंबर उघडला की पुरे.

मामाला शब्द न् शब्द कळला. जन्मात पहिल्यांदा एखादं व्याख्यान त्याला पुरतं कळलं, आणि ते हे! चेंबर उघडणारे हात त्याचेच होते. चकती बदलून त्यानेच झाकण लावलं होतं. भाची बरोबर होती. पहिल्या दिवसापासून, अक्षर न् अक्षर बरोबर होती. त्याला वाटलं, आपण या भिंतीत मिसळून जावं.

व्याख्यान संपलं. सर हसत उभे राहिले. "गंमत सांगतो तुम्हाला. हुबेहूब असाच आलेख आमच्याकडेही आला होता. पण आमच्या मामांनी अस्तरच बदललं नव्हतं! लोखंडाची घाण होती सगळी." हॉल हसला.

बाई हसल्या नाहीत. "नक्की? कारण अस्तर बदललेलं असेल, तर तुमचं मोजमाप आमच्या आधीचं ठरतं. ज्यांनी मोजलं, त्यांचा तो आलेख मला बघायला आवडेल, आणि तसं छापून सांगायलाही आवडेल."

सगळ्या माना मागे वळल्या. एक वाक्य बोलायचं होतं. तीन शब्द. त्या शब्दांनी भाचीचं हरवलेलं तिला तिथल्या तिथे परत मिळालं असतं. पण ते शब्द बोलायचे म्हणजे सगळ्यांसमोर, सरांसमोर, हेही कबूल करायचं, की तेव्हा आपण खोटं बोललो होतो. 

"राहिलं होतं साहेब," तो म्हणाला. "चुकलं माझं."

शी! माणसाने एकाच खड्ड्यात किती वेळा पडावं? आणि याहून वाईट म्हणजे खिडकीजवळून भाचीने त्याच्याकडे बघितलं आणि हसली. असू दे रे, असं म्हणणारं हसू. सगळे त्याला हसले म्हणून तिला वाईट वाटत होतं. त्याच्यासाठी!

मामा चहा न घेताच बाहेर पडला. चेंबरच्या खोलीत जाऊन उगाच पंपाचं तेल बघितलं, झाकण पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. स्टीलवर त्याचा चेहरा दिसत होता, तो त्याला बघवेना. आपण दुसऱ्यांसाठी वाईटपणा घेतो, अशी एक मोठी कल्पना त्याने स्वतःबद्दल करून घेतली होती. आज कुणासाठी घेतला होता? शरमेने तो मेल्याहून मेला झाला. संध्याकाळी घरी न जाता तो ताईकडे गेला.

ताई मटार सोलत बसली होती. भाची टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होती. "ये रे," ताई म्हणाली, "आज तोंड का असं? जेवूनच जा." मामा बसला नाही. बसलो तर सांगायचं राहून जाईल, अशी त्याला भीती वाटली.

"मी अस्तर बदललं होतं," तो म्हणाला.

"कोटाचं?" ताईने विचारलं.

भाचीचं पेन थांबलं होतं. "तेव्हा?"

"तेव्हाच. तुझ्या तुकड्यांच्या आधी. भिंती पुसून, सगळं करून."

"मग राहिलं असं का म्हणालास?"

"सर तुला बोलायला लागले होते. मला बघवलं नाही गं."

"काय बोलत होते सर मला?"

"तारा कशा लावल्यास, परत एकदा..." मामा अडला. पुढचं वाक्य त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानेच ते पुरं होऊ दिलं नव्हतं.

"परत एकदा लावून मोज, असं म्हणत होते," भाची म्हणाली. "दर बैठकीत ते प्रत्येकाला हेच म्हणतात मामा. मी परत लावल्या असत्या. परत मोजलं असतं. परत तेच आलं असतं."

ताईला सगळं कळलं नाही, पण भाऊ गोत्यात आलाय एवढं कळलं. "अगं पण तुझ्या मायेपोटीच केलं ना त्याने," ती म्हणाली. "खोटं कुणासाठी बोलला? तुझ्यासाठीच ना?"

"आणि आज?" भाची मामाकडेच बघत होती. "आज हॉलमध्ये कुणासाठी बोललास?"

"माझ्यासाठी," मामा म्हणाला. "लाज वाटली मला. सगळ्यांसमोर खोटारडा ठरेन म्हणून घाबरलो. ठमे, मी फार वाईट वागलो गं."

ती म्हणाली, "त्या बाई उद्या दुपारपर्यंत आहेत. सकाळी जाऊन सरांना आणि त्यांना सांग."

"सांगतो. आधी तेच करतो. सगळ्यांसमोर सांगतो. आलेख आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

मामाला जरा हायसं वाटलं. आता ती रागावेल, ओरडेल, हवं तर दोन दिवस बोलणार नाही, आणि मग होईल सगळं नीट, असं त्याला वाटलं. तो खुर्ची ओढून बसलासुद्धा. ताईने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"मामा," भाची म्हणाली, "एक सांग. चेंबर साफ होता, हे तेव्हा त्या बैठकीत फक्त तुला माहीत होतं. सरांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सरांना घाणीचा संशय आला, तो येणारच. पण तुला तर ठाऊक होतं, की घाण नाहीये. मग माझी रेघ बघून तुला काय वाटलं?"

मामाने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. खोटं बोलायची सोय होती. मला काय कळतंय त्यातलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, ताईने मान डोलावली असती. पण आज आणखी एक खोटं त्याच्या तोंडून निघेना.

"वाटलं, तुझ्याच तारा नीट लागल्या नसतील," तो म्हणाला.

ताईचे हात मटारच्या शेंगेवर थांबले. भाचीने नुसतं "बरं" म्हटलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही चढला नव्हता. तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला, वरची पत्रिका उघडली, पण वाचली नाही.

"सरांना मी नवीन होते मामा," ती म्हणाली. "तुला नव्हते."